पाचशेतल्या तपकिरी

"तात्या, हे कुठलं मोजलंत?" लॅबच्या डॉक्टर मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून काढलेला छापील फोटो त्याच्यापुढे सरकवला.

फोटोत निळ्या पेशींची नुसती दाटी आणि मधूनच एखादी तपकिरी. तपकिरी म्हणजे वाढीला लागलेली. पाचशे पेशी मोजायच्या आणि तपकिरी दिसली की पेनाने फुली मारायची. तात्याच्या फुल्या झाल्या होत्या नऊ. शंभरात दोनसुद्धा नाहीत, म्हणजे गाठ गोगलगायीच्या चालीची.

"कडेचं मोजलं."

"कडेचं? जिथे सगळ्यात गर्द तिथेच मोजायचं, हे प्रत्येक नव्या मुलीच्या डोक्यात कोण घालतं? तुम्हीच ना?"

तात्याच घालायचा. सव्वीस वर्षं तो मेणात बसवलेले मांसाचे तुकडे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापत आला होता. कापायचं, काचेवर घ्यायचं, रंगवायचं, मोजायचं. फिकट जागा शोधून मोजणं म्हणजे वरचं चांगलं फळ दाखवून सडकी टोपली विकणं, असं तो मुलींना दरडावायचा. काचेवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. पण हा नंबर त्यानेच अर्जावरून उतरवला होता आणि अर्जावर नाव होतं ताईचं. आई गेल्यावर या बहिणीनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

गाठ स्वादुपिंडातली, यकृतातही पाच ठिकाणी पसरलेली. टप्पा चौथा, हे स्कॅनमध्येच कळलं होतं. उरला होता तो हा एकच आकडा. या जातीची गाठ सावकाश वाढणारी निघाली, तर चौथ्या टप्प्यातलं माणूसही वर्षानुवर्षं हिंडतं-फिरतं, हे त्याने पाहिलेलं होतं. त्याच आशेवर तो आठवडाभर ताईला "सावकाशवाली असेल, बघू" म्हणत होता.

"ताईची आहे," तो म्हणाला.

मॅडम स्टूल ओढून बसल्या. "आधी सांगायचंत. तुम्ही मोजायलाच नको होतं."

"नऊच राहू द्या ना. असाही काय फरक पडतो?"

"आकडा खोटा दिला तर औषधही चुकीचंच मिळेल तिला. सावकाश गाठीचं महिन्याला एक इंजेक्शन लिहून देतील नि घरी पाठवतील."

हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पण जीव वेडा असतो. हात आपसूकच फिकट कोपऱ्याकडे गेला होता, आणि नऊ आकडा आल्यावर त्याला इतकं बरं वाटलं होतं की त्याने परत बघितलंच नाही.

मॅडमनी काच सरकवून गर्द जागा आणली आणि नवा फोटो छापला. त्यांनी पेन उचललं, तर तात्याने ते हातातून घेतलं.

"मीच मोजतो. तुम्ही लक्ष ठेवा."

शंभरात तीनच्या आत आल्या तर सावकाश, वीसच्या वर गेल्या तर झपाट्याची. म्हणजे पाचशेत शंभर. शंभरावी फुली पडली तेव्हा फोटोचा एक अख्खा कोपरा बाकी होता. तात्याने तोही मोजला. एकशे एकवीस. मॅडमनी रिपोर्टवर चोवीस टक्के लिहिलं.

दुपारी ताईचाच फोन आला. मागे तिचं शिलाई मशीन चालू होतं. घरी बसून ती लोकांचे कपडे शिवायची.

"आला का रे रिपोर्ट?"

"आला."

"सावकाशवाली ना?"

"नाही गं," तात्या म्हणाला. "झपाट्याची आहे."

मशीन थांबलं.

"मोजलं कोणी?"

"मी."

"मग बरोबरच असणार. तू कुठे चुकतोस. रडूबिडू नकोस तिथे, लोक काय म्हणतील. माझ्याकडे तीन गणवेश आलेत, तेवढे शिवून देते. नवं कापड नाही घेत आता कुणाचं."

फोन ठेवायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. मशीन पुन्हा सुरू झालं आणि तात्या ते ऐकत उभा राहिला.