रविवारी दुकान बंद असतं

त्या रविवारी नदीवरचा बर्फ फुटत होता. मार्चचा शेवटचा आठवडा. आभाळ न वाळलेल्या चादरीसारखं खाली लोंबत होतं, पाऊस म्हणावा तर पाऊस नाही आणि बर्फ म्हणावा तर बर्फ नाही असं काहीतरी बारीक बारीक पडत होतं, आणि टेकडीच्या पायथ्याशी बर्फाचे मोठाले तुकडे एकमेकांवर चढताना होणारा दबका कडकडाट दुपारभर ऐकू येत होता. हवामान मला एवढं नीट आठवतं, कारण दुकानाच्या मागच्या दाराशी उभा राहून मी ते बघत होतो, आणि त्या दिवशी तिथं उभं राहायची मला परवानगी नव्हती.

मी शिकलेला माणूस नाही. आठवीतून शाळा सोडली आणि बापाशेजारी बसून सुई धरली. टेकडीवरच्या लष्करी अकादमीत गणवेशाच्या दुकानात मी एक्केचाळीस वर्षं काढली. तिथं येणारी पोरं अठरा-वीस वर्षांची, दिवसभर ताठ उभं राहून कंटाळलेली; दुकानात आली की जरा सैल व्हायची आणि तोंडाला येईल ते विचारायची.

"मिस्टर हुडाक, ही पँट शिवलीत की माझ्यावर सूड उगवलात?"

"सूडच. माप देताना पोट आत ओढून उभा राहिला होतास, तेव्हा नाही आठवलं?"

"मिस्टर हुडाक, बायको तुम्हाला घरी शिवायला लावते का हो?"

दिवसाला शंभर प्रश्न. तेव्हा त्याचा त्रास व्हायचा, हे आज लिहिताना मला खरं वाटत नाही.

तिथला सगळा कारभार इमानावर चाले. खोटं बोलायचं नाही, फसवायचं नाही, चोरी करायची नाही, आणि करणाऱ्याला आपल्यात ठेवायचं नाही. हे बघायला अधिकारी नसत. पोरांचीच समिती असे. प्रत्येक खोलीच्या दारावर एक कार्ड लावलेलं असायचं. बाहेर जाताना पोरानं त्यावर कुठं जातोय ते लिहायचं. ते कार्ड म्हणजे त्याचा शब्द. त्यावर कुणी शंका घेत नसे, आणि म्हणूनच त्यावर खोटं लिहिणं हा तिथला सगळ्यात मोठा गुन्हा होता.

लायल ब्रँडवोल्ड हा डकोटाकडच्या गव्हाच्या शेतावरून आलेला पोरगा, कान मोठे, बोलणं कमी. शनिवारी खेळात त्याच्या परेडच्या कोटाची बाही खांद्यापासून उसवली. सोमवारी सकाळी परेड होती आणि त्याची आई ती बघायला दोन दिवस आगगाडीत बसून येत होती. रविवारी दुकान बंद. चालू राहिलेल्या इस्त्रीनं एकदा आग लागली होती, तेव्हापासून रविवारी कुलूप काढायचंच नाही असा हुकूम होता. माझ्या आधीच्या माणसानं ते काढलं आणि त्याच आठवड्यात त्याची नोकरी गेली.

"मिस्टर हुडाक," लायल म्हणाला, "आईनं ही बाही बघितली तर म्हणेल, सैन्यात गेलास तरी गोठ्यातलाच राहिलास."

"दोन वाजता मागच्या दारानं ये. आणि बूट पुसून ये."

तो दारापर्यंत जाऊन परत फिरला. "कार्डावर काय लिहू?"

मी हसलो. "जिथं येतोयस ते लिही की. तुमच्यात दुसरं काही लिहितात का?"

दोन ते साडेचार मी ती बाही शिवली. नवं अस्तर घातलं, जुन्या भोकांतूनच टाके नेले, म्हणजे कुणाला कळू नये. तो स्टुलावर बसून बर्फाचा आवाज ऐकत होता. सोमवारी त्याच्या आईनं परेड पाहिली. बाही नीट दिसली असेल.

मंगळवारी समितीची दोन पोरं दुकानात आली. पांढरे हातमोजे, हातात वही. रविवारी दुपारी एका अधिकाऱ्यानं लायलच्या दारावरचं कार्ड वाचलं होतं, आणि दुकान बंद असतं हे त्याला ठाऊक होतं. माझ्या पाठीमागे आमचे मुख्य शिंपी केसलर इस्त्री करत होते. इस्त्री थांबल्याचं मला ऐकू आलं. घरी लुडमिलाला सातवा महिना होता आणि आम्ही राहत होतो ते घर अकादमीचं होतं.

"मिस्टर हुडाक, रविवारी दुकान उघडं होतं का?"

"रविवारी दुकान बंद असतं," मी म्हणालो.

एकानं ते लिहून घेतलं. दुसऱ्यानं आभार मानले. जाताना त्यांनी दार इतकं हळू लावलं की वरची घंटासुद्धा वाजली नाही. पाठीमागे इस्त्री पुन्हा सुरू झाली.

कार्ड खोटं ठरलं, आणि समितीनं लायलला अकादमीचा राजीनामा द्यायला सांगितलं. त्यानं दिला नाही. तेव्हा त्याला मौन दिलं गेलं. हा तिथला जुना रिवाज. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, खोलीत त्याच्याबरोबर कुणी राहायचं नाही, जेवायला दहा जणांच्या टेबलावर तो एकटा. त्याचं नाव फक्त हजेरीला घ्यायचं. चौदा महिने हे चाललं आणि चौदा महिने तो पोरगा त्या टेबलावर ताठ बसून जेवला. अधिकारी म्हणायचे, इथं माणसाचं चारित्र्य घडतं. मी फक्त मापं घेतली. खांदे दोन बोटं रुंदावले होते, कंबर आत गेली होती, आणि मान पूर्वी हलायची तशी हलत नव्हती. बाकीचं टेपात येत नाही.

पदवीच्या कोटाचं माप द्यायला तो आला तेव्हा दुकानात आम्ही दोघंच होतो. मी मुद्दाम टाचण्या ओठांत धरून ठेवल्या. शिंपी टाचण्या धरून बोलत नाही, हे सगळ्यांना मान्य असतं.

"तुम्ही काही बोलू नका," समोर बघत तो म्हणाला. वर्षभर न वापरलेला आवाज, गंज लागलेल्या बिजागरीसारखा. "तुमच्या घरी लहान मूल आहे, मला माहीत आहे. मी रागावलेलो नाही. फक्त, पुन्हा कुणी विचारलं, तर सांगा."

मी मान हलवली.

दोन वर्षांनी तो दूरच्या लढाईत कामी आला. प्रार्थनाघरातल्या फळ्यावर त्याचं नाव लागलं आणि ज्यांनी ते कधी उच्चारलं नव्हतं अशी माणसं त्याच्यापुढे टोपी काढू लागली. कुणी विचारण्याची मी वाट बघत होतो. आपण होऊन सांगायला एकदा कचेरीपर्यंत गेलोही. कारकून मान वर न करता म्हणाला, "कापडाची मागणी शुक्रवारी द्यायची," आणि मी परत आलो. फार जोर लावला नाही, हे खरं आहे. त्यानंच सांगितलं होतं ना, विचारलं तर. ते मला सोयीचं होतं.

अशी वर्षं गेली. काही बिघडलंय हे मला कळलंच नाही. माणूस आपल्या कामात असतो. पोरं दुकानात यायची, कोट टेबलावर टाकायची, म्हणायची, "कॉलर टोचते," आणि उभी राहायची. मला वाटलं, आजकालची पोरं कमी बोलतात.

लुडमिला शेवटची आजारी होती तेव्हा एका दुपारी मी तिच्या उशाशी बसलो होतो. तिनं माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, काहीतरी विचारणार अशी भुवई वर गेली. मी पुढे वाकलो. भुवई खाली आली. "तुला भूक लागलीय," ती म्हणाली. "कोबी आणि शेवया खाली ठेवल्यात." मला खरंच भूक लागली होती. त्या शेवया खाताना माझ्या मनात आलं, लुडमिलानं मला शेवटचा प्रश्न कधी विचारला होता? मी चमचा ठेवला आणि मागे मागे जात राहिलो. वर्षं संपत गेली. मला एकही सापडला नाही.

मग इरेना आठवली, आमची मुलगी. चार वर्षांची असताना तिचं तोंड मिटत नसे. चंद्र कुठं जातो, मासा झोपतो का, आजोबा मेले म्हणजे काय झालं. सगळं आईला. एकदा जेवताना मी समोर बसलेलो, आणि ती आईकडे वळून म्हणाली, "बाबांना मीठ हवंय का?" आम्ही दोघं हसलो होतो.

लुडमिला गेल्यावर मी मुद्दाम बघू लागलो. बेकरीतली बाई मला बघताच राईचा पाव कापून कागदात गुंडाळायची, म्हटलं, ओळखते. डॉक्टरांनी गुडघा दाबला आणि म्हणाले, "इथं दुखतं." तिथंच दुखत होतं. पापं कबूल करायला पाद्र्यापुढे मी गुडघे टेकले. मागच्या वेळी कधी आलास हे तो प्रत्येकाला विचारतो. मला म्हणाला, "बोल, बाळा," आणि मी रागाचे, आळसाचे बारके बारके दोष सांगून उठलो. शेवटी मी बसनं चाळीस मैलांवरच्या एका गावी गेलो, जिथं मला कुणी ओळखत नव्हतं. चौकात नकाशा उलटा धरून उभा राहिलो. एक बाई थांबली, तिनं नकाशा सुलटा करून दिला, म्हणाली, "स्थानक डावीकडे आहे," आणि गेली. खाणावळीत बसलो. मुलीनं काही न विचारता कॉफी आणली, दूध न घातलेली, आणि दोन अंडी, पिवळा बलक न फोडलेली. मला तेच हवं होतं. मी ते संपवू शकलो नाही.

तेव्हापासून मी उत्तराचा सराव करतो. कुणी विचारलंच, तर चुकायला नको. रोज सकाळी किटली चढवली की मोठ्यानं म्हणतो. दोन शब्द आहेत, उघडं होतं. पण मोठ्यानं म्हणायला गेलो की तोंडातून दुसरंच वाक्य येतं, केसलरच्या इस्त्रीच्या वाफेसकट, त्याच तरुण आवाजात. पुन्हा म्हणतो. पुन्हा तेच येतं. किटली उकळून रिकामी होते.

माझ्या शेजारी टीग राहतो, रेल्वेतला निवृत्त गार्ड. सहा वर्षांपूर्वी राहायला आला. इतका बडबडा माणूस मी पाहिला नाही. कुंपणापलीकडून सुरूच असतो. "हुडाक, तुझ्या पायऱ्यांवर बर्फ तसाच आहे. तू पडशील आणि तुला उचलायला मला बोलावतील. माझी कंबर गेलीय, आताच सांगून ठेवतो." किंवा, "हुडाक, तुझ्या टोमॅटोंना लाज नाही, माझ्या बाजूला वाकून पिकतात. मी खाल्ले. छान होते." सहा वर्षांत त्यानं मला लाखभर शब्द ऐकवले असतील. त्यात एकही प्रश्न नाही. मी मोजत बसत नाही, पण ऐकत असतो.

आज सकाळपासून नदीवरचा बर्फ फुटतोय. खिडकीतून दिसत नाही, ऐकू येतो. बारीक काहीतरी पडतंय. दोन वाजता मागच्या दारावर थाप पडली. टीग होता, हातावर गार्डाचा जुना निळा कोट.

"उद्या सकाळी आमच्या रेल्वेतल्या क्रॉलीला पुरायचंय," तो म्हणाला. "आम्ही सगळे गणवेशात जाणार. आणि ही बाही बघ, खांद्यापासून गेली. रविवार आहे, गावात सगळं बंद. म्हातारा शिंपी शेजारी असून गुरासारखा फाटका गेलो, तर क्रॉली पेटीतून उठून हसेल."

"आत ये," मी म्हणालो. "बूट पूस."

त्यानं बूट पुसले. मी त्याला कोट घालायला लावला, दिव्याखाली उभा केला आणि टाचण्या ओठांत धरून खांद्याशी अस्तर जुळवू लागलो. उसवलेल्या जागी जुनी भोकं दिसत होती. कुणीतरी पूर्वी एकदा ती बाही शिवली होती, चांगल्या हातानं, जुन्या भोकांतूनच टाके नेऊन. माझी बोटं त्यांवर थांबली.

टीग क्रॉलीबद्दल सांगत होता, पत्त्यांत कसा लबाडी करायचा ते. मग मध्येच थांबला. टीग कधी थांबत नाही. मला वाटलं, मित्र आठवला असेल. खाली नदीत मोठा तुकडा फुटला आणि त्याचा आवाज संपेपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही. माझ्या हाताखाली त्याचा खांदा ताठ होत गेला. गेलेली कंबर विसरून तो सरळ उभा राहिला, टाचा जुळवल्या, आणि माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत, लहान मुलाला विचारावं तितक्या हळू आवाजात माझा शेजारी मला म्हणाला,

"मिस्टर हुडाक, रविवारी दुकान उघडं होतं का?"