अपेक्षित उत्तराचा रकाना

मित्रांनो, मी एक जुनी टाचणवही आहे. आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे.

छापखान्यात माझ्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखले गेले: शिक्षकाने काय विचारायचे, मुलांनी काय करायचे आणि शेवटचा, ‘अपेक्षित उत्तर’. शिक्षक होण्याचे शिक्षण घेणाऱ्यांना सराव पाठाआधी अख्खा तास असा लिहून काढावा लागतो. मला विकत घेणारी बाई पदवीनंतर चौदा वर्षांनी पुन्हा कॉलेजात आली होती. बरोबरच्या मुली तिला काकू म्हणत. तिचे हात इतके घामेजत की माझ्या पुठ्ठ्यावर बोटे उमटली. ती अजून आहेत.

तिच्या भीतीने मीही घाबरायला शिकले. मागच्या बाकावर मार्गदर्शक सर येऊन बसले आणि लाल पेनाचे टोपण ‘टक्’ वाजले की माझी पाने आवळून येत.

त्या दिवशी पाठ होता बाष्पीभवनाचा. तिने विचारले, वाळत घातलेल्या कपड्यातले पाणी कुठे जाते? अपेक्षित उत्तर होते, ‘पाण्याची वाफ होऊन ती हवेत मिसळते.’ पण खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, “कुठंच जात नाही, बाई.”

हे माझ्यात कुठेच लिहिलेले नव्हते. बाईचे बोट रकाना चुकले आणि तिने मोठ्याने वाचले, “विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.”

मधल्या बाकावरून कोणीतरी अदबीने म्हणाले, “हो बाई, ऐकतोय.” वर्ग हसून लोटपोट झाला. मागे टोपण वाजले. माझ्या पानावर लाल अक्षरे पडली: ‘पाठ पुन्हा घ्यावा.’ पुन्हा असाच शेरा पडला तर वर्ष वाया जाणार होते, आणि घरून दुसरे वर्ष मिळणार नव्हते.

मग ओट्यापाशी सराव सुरू झाला. बाई पोळ्या लाटता लाटता प्रश्न विचारी आणि तिची नऊ वर्षांची लेक मला मांडीवर घेऊन अपेक्षित उत्तरे पोपटासारखी म्हणे. पोळी करपली तरी पाठ थांबत नसे. चौथ्या दिवशी लेक कंटाळली. म्हणाली, “आई, वर्गातली पोरं काय तुझी वही वाचून येतात?”

बाईचे लाटणे थांबले. तिने हात पुसले आणि नव्या पानावर तोच पाठ पुन्हा लिहिला. शेवटचा रकाना मात्र कोरा ठेवला. मित्रांनो, मी हादरले. अपुरे टाचण म्हणजे आपल्या हाताने पायावर धोंडा.

तोच वर्ग, तोच प्रश्न, मागे तेच सर. खिडकीजवळची मुलगी पुन्हा म्हणाली, “कुठंच जात नाही, बाई.” बाईने माझ्याकडे पाहिलेच नाही. तिने एवढेच विचारले, “मग कपडा वाळतो कसा गं?”

मुलगी म्हणाली, “असतं इथंच. फक्त दिसायचं थांबतं.”

मग सगळेच बोलू लागले. बाईने तिथेच उभ्याने ते वाक्य माझ्या कोऱ्या रकान्यात उतरवून घेतले. सरांनी टाचण अपुरे का, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, “उत्तर मुलांकडे होतं, माझ्याकडे नव्हतं.” टोपण वाजले. सरांनी सही केली, शेरा दिला नाही.

पुढे ती कितीतरी वर्षे शिकवत राहिली. मी माळ्यावर गेले. तिथे कसर होती, ओल होती, आणि तिचा आवाज खालून येत असे, एवढाच धीर. एके दिवशी तो येईनासा झाला.

काही आठवड्यांनी मला खाली काढले ते लेकीने. तिच्या केसांत आता पांढऱ्या बटा होत्या. तिने मला न उघडताच रद्दीच्या पोत्यात टाकले. पोत्याचे तोंड बांधायला सुतळी आली. इतकी भीती मला लाल पेनाचीही कधी वाटली नव्हती.

गाठ मारता मारता तिचे लक्ष माझ्या पुठ्ठ्यावरच्या बोटांकडे गेले. तिने त्यांवर आपली बोटे ठेवून पाहिली. मग मला बाहेर काढले आणि ओट्यापाशी, पूर्वी बसायची तिथेच, जमिनीवर बसून वाचू लागली. बाष्पीभवनाच्या पानावर थांबली. बाहेर दोरीवर आईचा धुतलेला टॉवेल होता, केव्हाच वाळलेला. तो काढायला तिचा हात होत नव्हता.

तिने पहिल्या रकान्यातला प्रश्न हळूच वाचला. “पाणी कुठं जातं?” समोर कोणी नव्हते.

उत्तर माझ्याजवळ होते, पण वहीला तोंड नसते. मी फक्त त्या पानावर उघडी राहिले.

मित्रांनो, पोत्याचे तोंड बांधण्याआधी एकदा पान उलटून बघत जा. आणि लिहिताना एखादा रकाना कोरा ठेवा. आम्हा वह्यांना त्याची भीती वाटते, तरीही ठेवा.