सरावाची बाळंतीण

तिने रबराची बाहुली थोडा वेळ थोपटली, मग खाटेच्या कडेला ठेवून दिली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मागे स्टुलांवर बसलेल्या नर्सेसमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी फिसकन हसलं.

“आल्या नटसम्राज्ञी,” एकजण म्हणाली.

हसू देत. नाटकांत शेजारणीच्या आणि मोलकरणीच्या भूमिका करून पोट भरत नव्हतं, म्हणून ती हे काम घ्यायची. बाळंतपणात मन ढासळलेल्या बायकांना बोलतं कसं करायचं, हे नर्सेसना शिकवलं जाई आणि सरावासाठी ती बाळंतीण होऊन पडे. धड विचारलं तर सांगायचं, नाहीतर ‘ठीक आहे’ म्हणून मोकळं व्हायचं. शेवटी प्रशिक्षक बाई तिला एकच विचारत : या सिस्टरना तुम्ही सांगितलं असतंत का? ती ‘नाही’ म्हणाली की सिस्टर नापास.

एरवी ती इमानेइतबारे काम करायची. आज मात्र सकाळपासून तिच्या जिभेवर एक ‘नाही’ तयार होतं, आणि ते एकाच बाईसाठी होतं.

ती बाई, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर, दारात उभ्या होत्या. या सरावात पास झाल्याशिवाय यापुढे कुठल्याच सिस्टरच्या ताब्यात वॉर्ड राहणार नव्हता, आणि या बाईंचा तर सगळा जीव त्या वॉर्डात. आयत्या तावडीत सापडल्या होत्या.

तिचा मुलगा याच वॉर्डात जन्मला होता. तेव्हा तिला बाळाकडे बघवत नव्हतं, जवळ दिलं की ती त्याला लगेच खाली ठेवून द्यायची. या बाईंनी सगळ्या खाटांना ऐकू जाईल असं सुनावलं होतं, “नाटकं बंद कर. जगात तू एकटीच बाळंत झालीस का?” शेजारी सासू बसलेली. तिच्या हाती आयतं कोलीत मिळालं, आणि मग घरी उठताबसता तेच वाक्य. बाईंना यातलं काही आठवत असेल असं नाही. त्यांच्या हाताखालून किती बायका गेल्या असतील.

“मॅडम, हा पोरखेळ लवकर आटपा,” इनचार्ज सिस्टर आत येत म्हणाल्या. “मला लेबर रूममध्ये जायचंय. तिथे खऱ्या बायका आहेत.”

“बसा. कार्डावरचे प्रश्न विचारा,” प्रशिक्षक बाई म्हणाल्या.

सिस्टर स्टुलावर बसल्या. कार्ड हातभर लांब धरून त्यांनी वाचलं, “गेल्या काही दिवसांत तुम्हाला उदास वाटलं का?” तिकीट खिडकीवरच्या माणसाने ‘कुठलं?’ विचारावं, तसा आवाज.

“ठीक आहे मी.”

“झालं. ठीक आहे ती.”

नर्सेस हसल्या. प्रशिक्षक बाई हसल्या नाहीत.

“अजून एक संधी आहे,” त्या म्हणाल्या. “नापास लिहायला मला काही जड जाणार नाही, सिस्टर. तुमच्याबद्दलच्या तक्रारी ऐकूनच आलेय मी.”

तिला मनातून उकळ्या फुटल्या. भोग आता, असं म्हणत तिने डोळे मिटून घेतले.

खाट करकरली. तिने मान वळवून पाहिलं. इनचार्ज सिस्टर कार्ड टाकून तिच्या पायांशी येऊन बसल्या होत्या. बाहुली त्यांनी मांडीवर घेतली आणि सवयीने तिच्या मानेखाली हात दिला.

“इकडे बघू नकोस हवं तर,” त्या म्हणाल्या. आवाजात लाडीगोडी अजिबात नव्हती, होता तो तुसडेपणाच. “आपल्या हातून बाळाला काही होईल, असं मनात येतं का? पुष्कळ जणींच्या येतं. आलं म्हणून कुणी वाईट ठरत नाही. मी ओरडणार नाही. तुझ्या सासूच्याही कानावर जाणार नाही.”

वॉर्डात जिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, ती बाई उत्तराची वाट बघत बसली.

तिचं उत्तर पाठ होतं : झोप लागत नाही, सारखं रडू येतं. तेच म्हणायला तिने तोंड उघडलं.

“खिडकीजवळ न्यायची भीती वाटायची मला त्याला,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “वाटायचं, माझेच हात सोडून देतील. घरातल्या सगळ्या खिडक्या लावून ठेवायचे मी. भर उन्हाळ्यात. सगळे वेडी म्हणायचे.”

प्रशिक्षक बाई हातातले कागद उलटून बघायला लागल्या. यातलं काहीच त्यांनी लिहून दिलेलं नव्हतं.

“खिडक्या लावत होतीस, म्हणजे जपतच होतीस की त्याला,” सिस्टर म्हणाल्या.

हे तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आईने नाही, नवऱ्याने नाही. आणि म्हणावं तर या बाईने? तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हिच्यासमोर डोळे पुसायचे नाहीत, असं ठरवून ती तशीच उठून बसली.

“या सिस्टरना तुम्ही सांगितलं असतंत का?” प्रशिक्षक बाईंनी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. सकाळपासून घोळवलेला शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

“हो,” ती दात आवळून म्हणाली.

“थांबा, लिहू नका ते,” इनचार्ज सिस्टर म्हणाल्या. “नापास लिहा.”

“अहो, पण त्या हो म्हणतायत.”

“आज म्हणतेय. माझ्या वॉर्डात होती ही, कोपऱ्यातल्या खाटेवर. तेव्हा मी विचारलं नाही. नाटकं बंद कर म्हटलं.” बाहुली त्यांनी हलकेच खाटेवर ठेवली. “मघाशी दारातूनच ओळखलं मी हिला. लिहा तुम्ही.”

“वॉर्ड जाईल तुमचा.”

“माझं मी बघते.”

तिच्याकडे न बघता त्या लेबर रूमच्या दिशेने निघून गेल्या. ती दाराकडे बघत राहिली. इतकी वर्षं उराशी धरलेला राग, आणि तो काढायचं सुखसुद्धा या बाईने तिच्या हाती ठेवलं नव्हतं.

“चला, पुढच्या सिस्टर,” प्रशिक्षक बाईंनी हाक मारली. “तुम्ही पडा पुन्हा.”

“थांबा जरा,” ती म्हणाली आणि खाटेखाली पायाने चपला चाचपू लागली. “त्या बाईशी माझं बोलणं संपलेलं नाही.”