छताकडे बघताना

आमचे हे रंगारी. भिंती कुणीही रंगवाव्यात, छत मात्र ह्यांनीच, असा ह्यांचा लौकिक. तेच हे लागोपाठ दोनदा शिडीवरून पडले. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाले, पण एकाही तपासणीत काही सापडेना. शेवटी मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, मनात भीती बसलीय तुमच्या." पडण्यापेक्षा ते बोलणं ह्यांना जास्त लागलं. माझा तर असा तिळपापड झाला, की मुकादम समोर असता तर त्याची काही धडगत नव्हती.

शेवटची तपासणी सोनोग्राफीची. मेंदूला रक्त पुरतंय का, ते आवाजावरून कळतं म्हणे. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना स्टुलावर बसवलं, मानेच्या मागे गार जेल चोपडलं आणि यंत्राचा दांडा कवटीखाली टेकवला. फुस्स, फुस्स असा दणदणीत आवाज सुरू झाला.

"छान आहे की काका. रक्त व्यवस्थित चाललंय."

ह्यांचा चेहरा पडला. आजार नाही म्हटल्यावर कुणाचा चेहरा पडतो का? ह्यांचा पडला.

"बघ," हे मला म्हणाले, "भीतीच आहे."

हे उगाच वर बघायला लागले. कुठल्याही खोलीत गेले तरी आधी छत तपासायचं, ही जन्माची खोड. डाव्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटले होते. ते नीट दिसावेत म्हणून ह्यांनी मान वळवून वर केली.

आवाज बारीक झाला. मग जवळजवळ बंदच.

"अहो बाई, मशीन बिघडलं का?" मी विचारलं.

"मशीन नाही." डॉक्टरीणबाई ताठ झाल्या. "काका, अंधारी येतेय?"

"येतेय."

"मान सरळ करा. सावकाश."

आवाज परत आला तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"मान वळली की हाड रक्तवाहिनी दाबतंय," बाई म्हणाल्या. "आजवर सगळ्यांनी मान सरळ ठेवूनच तपासलं, मग सापडणार कसं? यावर ऑपरेशन आहे. बहुतेक लोक बरे होतात."

"म्हणजे मी घाबरलो नव्हतो?"

"अजिबात नाही."

मी तिथेच रडायला लागले. हे मात्र लहान मुलासारखे हसत होते.

"मग पुन्हा शिडीवर..." बोलता बोलता ह्यांनी चोरून माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणणार, अशी खात्रीच होती ह्यांची.

"बरे झालात की खुशाल चढा," मी डोळे पुसत म्हटलं. "शिडी मी धरते."