अरवा मिसचा भरलेला कप

आठवड्याच्या पहिल्या दिवशी, रविवारी सकाळी सव्वानऊला जॉर्डनमधल्या करक गावात मुलींच्या सरकारी शाळेत बारावीच्या रुबाने गणिताची उत्तरपत्रिका दिली. वर नाव होतं, खाली काहीच नव्हतं. वर्गात पहिल्या पाचांत असणाऱ्या मुलीची ही तिसरी कोरी उत्तरपत्रिका. बोर्डाची परीक्षा अकरा आठवड्यांवर आली होती.

"येतं सगळं, मिस," शाळेच्या समुपदेशक अरवा मिसना ती म्हणाली. "पण पेपर हातात पडला की छाती धडधडते, बोटं बधिर होतात. आता मरणार असं वाटतं. मग मरत नाही. मग लाज वाटते."

अरवा मिस सप्टेंबरात राजधानी अम्मानहून बदलून आल्या होत्या. त्यांची अर्धी खोली व्हॉलीबॉलच्या जाळ्यांनी अडवलेली होती. आठवड्याला एक तास मिळाला तर परीक्षेपर्यंत ही मुलगी पेपर लिहायला लागेल, असा त्यांचा अंदाज होता. पण त्यासाठी वडिलांची सही हवी होती, आणि फॉर्मच्या डोक्यावर 'मानसिक आरोग्य' असं ठळक छापलेलं होतं. रुबाने फॉर्म घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी तसाच परत आणला.

"बाबा म्हणाले, माझी मुलगी वेडी नाही."

"मी येऊन बोलू त्यांच्याशी? चालेल तुला?"

"चालेल. पण मिस, रीतीने या."

सोमवारी चार वाजता अरवा मिस चढ चढून रुबाच्या घरी पोचल्या. तिचे वडील अबू कुतैबा करक–अम्मान बस चालवत. त्यांनी स्वतः कडू कॉफी ओतली. मिस दमल्या होत्या. त्यांनी ती एका घोटात संपवली, पुरे म्हणून कप हलवून परत दिला आणि मग पर्समधून फॉर्म काढला.

"घर तुमचंच आहे, बाई. परत या," अबू कुतैबा हसून म्हणाले. फॉर्मकडे त्यांनी पाहिलंही नाही. भेट बारा मिनिटांत संपली.

मंगळवारी मधल्या सुट्टीत रुबा खोलीत घुसली.

"मिस, तुम्ही कॉफी प्यायलात!"

"मग? चांगली होती."

"मागणं घेऊन आलेला माणूस कप खाली ठेवतो. घरचा म्हणतो, घ्या, तुमचं काम झालं. मगच प्यायची!"

"अगं, ते लग्नाच्या बोलणीला, भांडण मिटवायला. पुरुषांचं काम ते."

"तुमच्या अम्मानमध्ये असेल. आणि वर कप हलवलात! मी दाराआडून बघत होते, कपाळावर हात मारला."

मिसना हसू आलं, मग रुबालाही. पण हसताना तिची बोटं खोडरबराचे तुकडे पाडत होती. या सत्राचे फॉर्म रविवारी सकाळी आठपर्यंत घेणार होते. पुढचे थेट परीक्षेनंतर.

मुख्याध्यापिका इंतिसारबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मागणं घेऊन एकटं जातात का? मी येते. माझे पांढरे केस कधी उपयोगी पडायचे?"

गुरुवारी पाच वाजता दोघी गेल्या. अबू कुतैबांनी कॉफी ओतली. दोघींनी कप समोर ठेवले आणि हात मांडीवर घेतले.

अबू कुतैबांनी कपांकडे पाहिलं. "गार होतेय."

"होऊ दे," इंतिसारबाई म्हणाल्या. "घाटात ब्रेक तापले की तुम्ही काय करता?"

"थांबतो. निवू देतो."

"मग बस वेडी झाली म्हणता?"

"बसचं लग्न करून द्यायचं नसतं, बाई."

आतल्या दारातून रुबा बाहेर आली. "बाबा, लग्नाचं नंतर बघा. मला आधी पेपर लिहायचाय."

चष्मा लावून अबू कुतैबांनी फॉर्म दोनदा वाचला.

"हिचं नाव कुठे कुठे जाईल?"

"कुठेच नाही," अरवा मिस म्हणाल्या. "कागद माझ्या कपाटात राहील, किल्ली माझ्याकडे. वर फक्त मुलींचा आकडा कळवतात."

अबू कुतैबांनी खिशातून पेन काढलं, वर्तमानपत्राच्या कडेला ओढून पाहिलं. उमटत होतं. तेवढ्यात फोन वाजला. त्यांच्या थोरल्या भावाचा.

"आलोच," म्हणत ते अंगणात गेले.

अरवा मिसचा हात नकळत कपाकडे गेला.

"मिस!" रुबा दबक्या आवाजात ओरडली. हात मागे आला.

पाच अठ्ठेचाळीसला अबू कुतैबा अजून फोनवरच होते. फॉर्म त्यांच्या हातात होता, पेनचं टोपण उघडं होतं. आत दोन्ही कप भरलेले होते.