दगडांचं आळं

"माझ्या बागेत मला शिकवू नका" हे म्हाताऱ्याचं ठरलेलं वाक्य. आणि खरं सांगायचं तर त्याला शिकवायची कुणाची टाप होती? पण विहिरीकडची मोसंबीची रांग त्याचं नाक कापायला बसली होती. पानं पिवळी, फळं लिंबाएवढी. खत घालताना त्याने कधी हात आखडला नव्हता, तरीही!

"पोटभर वाढलं तरी उपाशी मरतायत मेली," म्हातारा करवादला. "उद्या तोडून टाका."

मुलगा "बरं" म्हणाला. बापापुढे तो दुसरं कधी काय म्हणाला होता?

रांग म्हातारीच्या हातची होती. म्हातारी जाऊन वर्षं लोटली, पण रोपं लावताना प्रत्येकाभोवती तिने मांडलेलं काळ्या दगडांचं आळं जागच्या जागी होतं. त्यातला दगड म्हाताऱ्याने इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. खत त्या आळ्यात, पाणीही त्याच आळ्यात. तोडा म्हणताना त्याचा आवाज का चढला, ते घरात सगळ्यांना कळत होतं.

सून लग्नाआधी रोपवाटिकेत काम करायची. तिने खुरपं उचललं. "बाबा, तोडायच्या आधी एकदा बघायला तरी या."

तिने आळ्यातली माती उकरली. आत अंगठ्याएवढ्या जाड, तपकिरी मुळ्या होत्या, साल टणक झालेली.

"या जुन्या झाल्या. झाडाला घट्ट धरून ठेवतात, पण अन्न फारसं ओढत नाहीत."

"म्हणजे माझ्यासारख्या," म्हातारा गुरगुरला.

"मी तसं म्हटलं नाही हं!" सून हसली. मग झाडाची सावली जिथे संपते तिथे जाऊन तिने खणलं. कोरड्या मातीत दोऱ्यासारख्या चार-दोन पांढऱ्या मुळ्या निघाल्या. "खाणारी तोंडं इथे आहेत, बाबा. आपण ताट वाढतोय तिकडे."

"मग आता?"

सुनेने खुरपं खाली ठेवलं. "आळं मोडून इथे मांडावं लागेल."

म्हातारा उठला आणि तडक घरात गेला.

सकाळी मुलगा करवत घेऊन आला, तर बाप झाडाखाली उकिडवा बसून एकेक दगड उचलत होता. "बघतोस काय? करवत ठेव आणि घमेलं आण!"

मांडताना दगड अर्ध्यातच संपले.

"अपुरे पडले, बाबा," सून हळूच म्हणाली.

"पडणारच." म्हाताऱ्याने डोळे पुसले. "तिने मांडले तेव्हा झाड गुडघ्याएवढं होतं. एवढं वाढलेलं तिने पाहिलंच नाही गं."

सुनेने विहिरीकडून पांढरे दगड आणून उरलेलं आळं पुरं केलं. खत, पाणी, पालापाचोळा, सगळं आता तिथे पडू लागलं.

पुढच्या बहराला रांग अशी लगडली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. शेजारी बघतच राहिला. "कसलं औषध मारलंत?"

"औषध?" म्हाताऱ्याने त्याला हाताला धरून आळ्यापाशी नेलं. "हे काळे दगड माझ्या बायकोचे. हे पांढरे माझ्या सुनेचे. बघून घे नीट, अशी माणसं सगळ्यांच्या घरात नसतात."

सून लाजून टोपलीत मोसंबी भरू लागली. मुलाला राहवलं नाही. "आणि तुमचं काय, बाबा?"

"माझं?" म्हातारा ताठ उभा राहिला. "मी दगड हलवले. त्याला काय कमी छाती लागते?"