तांबडा दिवा

ऊसतोडीहून परतून पंकजाला आठवडाही झाला नव्हता आणि रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. ओठावरची लव घालवायला ती शेवगावला भावजयीकडे आली. आरतीने उजेडाने केस घालवणारं यंत्र ऑनलाइन मागवलं होतं. पंकजाने ते ओठावर टेकवलं. चमक पडलीच नाही. नुसता तांबडा दिवा लुकलुकला.

"वैनी, बिघडलंय हे."

आरतीने ते स्वतःच्या पोटरीवर दाबलं. लख्ख चमक पडली.

"चांगलं हाय. तू उन्हानं रापलीस. अशा कातडीला भाजंल, म्हनून ते थांबतं."

पंकजा उठली, बसली, पुन्हा उठली. मग पावडर तोंडाला फासून तिने यंत्र उचललं.

"आता गोरी झाले. फसंल ते."

"ते फसंल, पन डाग तुझ्या तोंडावर ऱ्हाईल." आरतीने यंत्र काढून घेतलं. "रापलेलं उतरू दे, मग सुरू करू. यंत्रानं केस जायलाबी दोन-तीन महिने लागत्यात."

"आन् रविवारी?"

आरतीने भुवयांचं छोटं रेझर काढलं. "यंत्राआधीबी हेच फिरवत्यात. तोंड धुऊन ये. हलू नको."

पंकजाने चेहरा हलू दिला नाही. पाय मात्र हलतच राहिले.